उजेडातला खवल्या

सिनेमाचा खेळ अकराचा होता आणि खवलेकाका साडेआठलाच बाईंच्या दारात हजर. इस्त्रीचा शर्ट, आरशासारखे चकाकणारे बूट आणि खिशात घडी घातलेला पांढरा रुमाल.

"इतक्या लवकर?" बाईंनी विचारलं.

"म्हटलं, गर्दी असेल."

"आता खुर्च्यांना नंबर असतात हो."

"असू देत. मला घरी बसवेना," असं म्हणून ते आत आले आणि बूट खराब होऊ नयेत म्हणून पाय उचलून खुर्चीत बसले. चहा होईपर्यंत त्यांनी तीनदा घड्याळ बघितलं.

खवले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते मूळचे पोहायला शिकवणारे मास्तर. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी 'खवल्या' नावाच्या सिनेमात राक्षसाच्या कातड्यात शिरून काम केलं आणि त्या दिवसापासून त्यांचं खरं नाव पोस्टमनसुद्धा विसरला. आणि ते कातडं शिवलं होतं बाईंनी.

बाई तेव्हा स्टुडिओच्या शिवणखात्यात होत्या. राण्यांचे झगे, शिपायांचे गणवेश, एवढंच काय, एका घोड्याला शोकाची काळी झूलही त्यांनी शिवली होती. राक्षस मात्र कधी शिवला नव्हता. एके दिवशी दिग्दर्शक आला, टेबलावर कागद ठेवला आणि म्हणाला, "तळ्यातून वर येतो. अर्धा मासा, अर्धा माणूस. तीन आठवड्यांत हवा." कागदावर टोमॅटोला पाय फुटल्यासारखं काहीतरी काढलेलं होतं. बाईंनी तो कागद उलटा करून त्यावर सामानाची यादी लिहिली: गादीचा स्पंज, मासे धरायची जुनी जाळी, सायकलच्या फाटक्या ट्यूबा. ट्यूब कापून एकेक खवला काढायचा, दाभणानं भोक पाडायचं आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं जाळीवर टाचायचा. असे अकराशे चाळीस खवले. बोटांची पार चाळणी झाली.

आत घालायला माणूस हवा होता तो उंच आणि दोन मिनिटं श्वास रोखणारा. म्हणून तलावावरच्या या मास्तरांना धरून आणलं. मुखवट्याच्या डाव्या डोळ्याची काच सारखी धुकट व्हायची, त्यामुळे समोरचं बघायला त्यांना मान तिरकी करावी लागे. सिनेमा लागला आणि कुणा समीक्षकानं लिहिलं, की त्या तिरक्या मानेत जगातल्या सगळ्या एकट्या जिवांचं दुःख साठलेलं आहे. ते कात्रण काकांनी कितीतरी वर्षं पाकिटात बाळगलं. "मला बापड्याला समोरचा दगड दिसत नव्हता," ते सांगायचे, "आणि थिएटरात लोक मुसमुसून रडत होते."

लोक रडत होते हे मात्र खरं. पोरं आधी किंचाळायची, मग शेवटी खवल्या तळ्यात परत बुडताना हुंदके द्यायची. सुट्टीच्या दिवशी तो सिनेमा टीव्हीवर लागला की अजूनही आख्खी घरं बसून बघायची.

आणि आता तो नव्यानं आला होता. 'खवल्या: महासंहार'. शहरभर त्याचे फलक लागले होते, बसच्या पाठीवर त्याचा पंजा होता, दुधाच्या पिशवीवर त्याचा डोळा. पण बाईंच्या घरात एवढी धांदल होती ती फलकांमुळे नव्हे. बाईंची नात त्या सिनेमावर दोन वर्षं काम करत होती.

मुलाची मुलगी. आईवडील दुसऱ्या गावी, म्हणून नोकरी लागल्यापासून ती आजीकडेच राहायची. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून आजीनं तिला भिंगरी म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. आता ही भिंगरी दिवसाचे दहा तास कॉम्प्युटरसमोर बसायची आणि नव्या खवल्याचं कातडं घडवायची. कंपनीनं सही घेतली होती की घरी काही सांगायचं नाही. पण घरी काही विचारायचं नाही, असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

"आजी, कोपरावरचे खवले एकमेकांवर चढत नव्हते का गं?" ती जेवताजेवता विचारायची.

"चढायचे की. म्हणून तिथे नखाएवढे केले, आणि उलट्या दिशेनं लावले."

"आणि गळ्याला?"

"गळ्याला मऊ हवेत. श्वास घेताना हलले पाहिजेत, नाहीतर तो जिवंत कसा वाटेल?"

पोरगी ताट तसंच ठेवून वहीत लिहून घ्यायची. दोन वर्षं हेच. बाईंना वाटायचं, हात थकले खरे, पण काम काही थांबलेलं नाही.

थिएटर मोठं होतं, खुर्च्या पलंगासारख्या. भिंगरी कडेला बसली, मध्ये बाई, पलीकडे काका. दिवे गेले आणि पडद्यावर पाऊस सुरू झाला.

तो थांबलाच नाही. रात्र, पाऊस, धूर, पुन्हा रात्र. एक नवराबायको गाडीत भांडत होती. एक शास्त्रज्ञ काचेच्या खोलीत उभा राहून दुसऱ्या शास्त्रज्ञाला अशा गोष्टी समजावत होता ज्या त्या दुसऱ्याला आधीच माहीत असणार. मग कुठेतरी काहीतरी कोसळलं. इमारत पडली, तिच्यावर दुसरी पडली. काळोखात काहीतरी प्रचंड सरकलं, एक शेपूट दिसल्यासारखी झाली आणि लगेच पुन्हा ती नवराबायको.

"आला का?" काकांनी बाईंच्या कानाशी पुटपुटत विचारलं.

"येऊन गेला बहुतेक."

"कुठल्या बाजूनं?"

"मला काय माहीत! धूर होता नुसता."

मूळ सिनेमात खवल्या भर दुपारच्या उन्हात तळ्यातून वर यायचा. अंगावरून पाणी निथळायचं, एकेक खवला चमकायचा, आणि तो कितीतरी वेळ नुसता उभा राहायचा, आपण कुठे आलो हे न कळल्यासारखा. इथे तो चाळीस मजले उंच होता, पण दोन क्षणांच्या वर कुणी त्याला पडद्यावर टिकू देत नव्हतं. आवाज एवढा की बाईंच्या दातांची कवळी थरथरत होती. पुढच्या रांगेत एक चारेक वर्षांचं पोर होतं. राक्षस बघून घाबरेल म्हणून आईनं त्याला मांडीवर घेतलं होतं. ते गाढ झोपलं होतं.

बाईंनी सहज कडेला बघितलं. भिंगरी पडद्याकडे बघतच नव्हती. ती आजीच्या तोंडाकडे बघत होती. बाईंनी चटकन डोळे मोठे केले, तोंडावर कौतुक आणलं आणि पुढचा तासभर ते तसंच धरून ठेवलं. गाल दुखायला लागले.

सिनेमा संपला, लोक भराभरा उठले. "बसा," भिंगरी म्हणाली. "नावं येतील." नावं आली ती चार-चार रांगांत, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि अशी पळत होती जणू त्यांनाच घरी जायची घाई होती. झाडूवाला आत आला, या तिघांना बघून दाराशीच थांबला. पाच मिनिटं गेली, सात गेली. काका चष्मा पुसून पुन्हा घालत होते. "आता येईल," भिंगरी म्हणाली. "आता... ते बघ! तिसऱ्या रांगेत, खालून..."

"कुठे गं?"

"गेलं."

"मी बघितलं!" काका जोरात म्हणाले. त्यांनी काही बघितलं नव्हतं, त्यांना दहा फुटांवरची बस दिसत नसे. पण झाडूवाल्यानं झाडू काखेत धरून टाळ्या वाजवल्या आणि भिंगरी कशीबशी हसली.

तिघं टॅक्सीनं परतली. घरी येऊन बाई पाणी प्यायल्या, त्यांनी चपला जागेवर ठेवल्या, पुन्हा उचलून दुसऱ्या जागेवर ठेवल्या. काहीतरी बोलायला हवं होतं. पोरीची दोन वर्षं होती ती.

"आवाज छान होता," त्या म्हणाल्या.

भिंगरी खिडकीशी उभी होती. "आवाज मी केला नाही, आजी."

"नाही, म्हणजे... एकूणच. मोठा केलाय सिनेमा. खर्च दिसतो."

"मोठा तर आहेच," काकांनी री ओढली. "आमच्या वेळी एवढी उंची नव्हती."

"तुम्हा दोघांना खोटंही धड बोलता येत नाही," भिंगरी म्हणाली. "आवडला नाही तर नाही म्हणा ना! मी काय लहान आहे?"

"कसा आवडेल?" बाईंच्या तोंडून सुटलंच. "दिसला तर आवडेल ना! अडीच तास डोळे फोडून बसले मी. कोपर बघायचं होतं मला, गळा बघायचा होता. दोन वर्षं माझ्याशी खल केलास, वह्या भरल्यास, आणि त्या मेल्यांनी माझ्या नातीचं काम काळोखात कोंबलं! वर पाणी ओतलं! कुणी सांगितलं होतं त्यांना एवढा पाऊस पाडायला?"

भिंगरी वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर भलताच भाव, ओझं उतरल्यासारखा.

"म्हणजे तुला त्या काळोखाचा राग आलाय?"

"मग कशाचा येणार?"

मग ती खुर्चीत बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. खवल्या आधी उन्हातच केला होता. तळ्यातून वर येण्याचा तो प्रसंग तसाच ठेवायचा होता, दुपारचा, संथ, लांबलचक. दीड वर्ष सगळं खातं त्यासाठी राबलं. मग वरच्या साहेबांनी तो बघितला आणि त्यांना वाटलं, हा भीतीदायक नाही, याची तर दया येते. रात्र करा, पाऊस घाला. सहा महिन्यांत सगळं बदललं. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण वाटत होतं, निदान तळ्याचा तुकडा तरी राहील. काल संध्याकाळपर्यंत वाटत होतं."

"दया येते म्हणून बदललं?" काकांनी विचारलं.

"हो."

काकांनी आपल्या चकचकीत बुटांकडे बघितलं. "अहो, पण तोच तर होता तो," ते म्हणाले.

बाईंनी उठून तिघांसाठी पाव भाजला, अंडी केली. पोट भरल्यावर भिंगरीला हसू यायला लागलं. तिनं त्या शास्त्रज्ञाची नक्कल केली, काकांनी खाली पडणाऱ्या इमारतीची केली आणि कमरेत उसण भरवून घेतली.

"तो उन्हातला आहे का अजून?" बाईंनी ताटं उचलताना विचारलं. "की तोही पुसला?"

"आहे की. माझ्या कॉम्प्युटरवर आहे."

"मग मला दाखव."

खात्याच्या प्रमुखाला विचारावं लागलं. तो भला माणूस होता. म्हणाला, आता सिनेमा लागला, लपवायचं काय उरलंय, घेऊन ये आजीला. रविवारी सकाळी तिघं कंपनीत गेली. दारावरच्या रखवालदारानं वहीत सह्या घेतल्या आणि काकांना गळ्यात घालायला पाहुण्यांचा बिल्ला दिला. तो त्यांनी पदकासारखा छातीवर सरळ केला.

आत लांबच लांब खोली होती, खिडक्यांना काळे पडदे, शंभरेक टेबलं आणि त्यावर झोपी गेलेले स्क्रीन. भिंगरीच्या टेबलावर दोन मोठे स्क्रीन, कोमेजायला आलेलं एक रोपटं आणि काचेच्या बरणीत सायकलच्या ट्यूबेचा एक खवला, कडा झिजलेला. मूळ कातडं कधीच कुजून गेलं होतं, स्पंज टिकत नाही. हा एक शिवणाच्या डब्यात राहिला होता. "हा तू कधी पळवलास?" बाईंनी विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी. मागितला असता तर कशाला म्हणून विचारलं असतंस, आणि मला सांगता येत नव्हतं."

तिनं बटणं दाबली आणि स्क्रीनवर उजेड झाला.

तो उभा होता. मागे काही नव्हतं, ना तळं ना शहर, नुसतं स्वच्छ दुपारचं ऊन. अंगावर ओल होती. तो हळूहळू स्वतःभोवती फिरत होता, शिंप्यापुढे माप द्यायला उभं राहिल्यासारखा. बाईंनी पर्समधून जवळचा चष्मा काढला, खुर्ची पुढे ओढली आणि नाक काचेला लागेल इतक्या जवळ गेल्या.

"थांबव. काख दाखव."

भिंगरीनं हात उचलला. म्हणजे त्याचा.

"हं. इथे लहान केलेस."

"तू म्हणाली होतीस."

"कोपर." कोपर आलं. नखाएवढे खवले, उलट्या दिशेनं. "गळा." गळा आला, आणि तो हलत होता. श्वासाबरोबर एकेक ओळ उचलली जायची आणि बसायची. बाईंच्या हाताला दाभणाची आठवण झाली, अंगठा आपोआप बोटावर घासला गेला. "हे सगळं तू एकटीनं?"

"खवले मी. रंग दुसऱ्या मुलीचा, पाणी तिसऱ्याचं."

"चेन कुठाय? पाठीवर तर काहीच दिसत नाही."

"चेन नाही, आजी. याच्या आत कुणी नसतं."

दोघींनी एकदमच काकांकडे बघितलं. काका मागे उभे होते, मान थोडी तिरकी करून. ती सवय काही त्यांची सुटली नव्हती.

"मग याला बसता येत असेल," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मला बसता यायचं नाही. आठ आठवडे. मांडीत स्पंज एवढा भरला होता या बाईंनी, की गुडघा वाकायचा नाही. पाच-सहा तास उभा. फार झालं की दोघं जण मला फळीला टेकवून ठेवायचे, कपाट ठेवतात तसं. याला बसता येतं का?"

भिंगरीनं डोकं खाजवलं. धावायचं, उडी मारायची, इमारत फोडायची, एवढं सगळं नव्या खवल्याला शिकवलेलं होतं. बसायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. "बघते," ती म्हणाली आणि कामाला लागली.

तासभर लागला. आधी एक स्टूल आणलं, कुठल्याशा दुसऱ्या सिनेमातलं. पहिल्यांदा खवल्या स्टुलातून आरपार गेला. दुसऱ्यांदा गुडघे मागच्या बाजूला वाकले आणि काका "अरे अरे अरे!" म्हणून ओरडले. बाईंनी मध्येच हरकत घेतली, "पोटावर घडी पडत्येय बघ, तिथल्या दोन ओळी सैल सोड." भिंगरीनं सोडल्या. "आता मांडीखालचे चपटे कर, माणूस बसला की मांड्या पसरतात."

"राक्षसाच्यासुद्धा?"

"सगळ्यांच्या."

आणि मग तो बसला. आधी हात गुडघ्यांवर टेकवले, मग सावकाश खाली आला, पाठ वाकली, खांदे सैल झाले, गळ्यावरची ओळ एकदा मोठ्यानं वर येऊन खाली गेली. दिवसभराचं काम संपवून घरी आलेल्या कुणासारखा दिसत होता. भिंगरी गालावर हात ठेवून बघत राहिली. दोन वर्षांत तिनं त्याला कधी असं बघितलं नव्हतं.

काकांनी खिशातला पांढरा रुमाल काढला आणि नाक शिंकरलं. "दमला होता हो," ते म्हणाले.

"तुम्ही तेव्हा एकदाही बोलला नाहीत," बाई म्हणाल्या. "सांगितलं असतंत तर मी स्पंज काढला असता."

"तुमच्या बोटांतून रक्त येत होतं. तुम्हाला आणखी काय सांगायचं?"

बाईंनी शेजारची खुर्ची ओढली आणि त्यांच्या मागे सरकवली. काका बसले.

सिनेमा तीन आठवडे कसाबसा चालला. वर्तमानपत्रांनी त्याची यथेच्छ चामडी लोळवली, बसच्या पाठीवरचा पंजा जाऊन तिथे साबणाची जाहिरात आली. भिंगरीला आठवडाभर वाईट वाटलं, मग नवं काम आलं. लहान मुलांचा सिनेमा होता, त्यात एक म्हातारी शेळी होती, बोलणारी, आणि तिचे केस भिंगरीकडे होते.

"केस मला जमणार नाहीत," ती पहिल्याच दिवशी घरी येऊन म्हणाली. "खवले वेगळे. केस म्हणजे लाखो असतात, आजी."

"शेळीला कधी हात लावलायस?"

"नाही."

"मग जमतील कसे?"

पुढच्या रविवारी तिघं गावाबाहेर एका दूधवाल्याच्या गोठ्यावर गेली. त्याच्याकडे सात शेळ्या होत्या. बाईंनी त्यातली सर्वांत म्हातारी निवडली, बाह्या वर केल्या आणि तिच्या मानेच्या केसांत बोटं घातली. वरचे केस राठ, लांब, मागे वळलेले. त्याखाली लोकरीसारखी मऊ गादी. पाठीच्या कण्यावर केसांचा भांग, आणि कपाळावर एक भोवरा.

"इथे बोट घाल," त्या म्हणाल्या. "असं नाही, उलट्या दिशेनं. कळलं? वरचा थर वेगळा, आतला वेगळा."

भिंगरी गवतात गुडघे टेकून बसली होती, एका हातात वही, दुसरा हात शेळीच्या केसांत. काकांनी शेळीची शिंगं धरून ठेवायचं काम घेतलं होतं. शेळीला ते पसंत नव्हतं. तिनं एक हिसडा दिला, काका तिच्यामागून चार पावलं ओढले गेले, त्यांच्या चकचकीत बुटांवर चिखल उडाला.

"सोडू नका!" बाई ओरडल्या. "अजून पोट बघायचंय!"

"मी कुठे धरलंय हिला," काका धापा टाकत म्हणाले, "हिनंच मला धरलंय!" आणि शेळी त्यांना घेऊन कुंपणाकडे निघाली, आणि भिंगरी वही टाकून हसत हसत त्यांच्यामागे धावली.